साडेतीन किलोंचा आवाज

उत्तमराव खरात पहिल्यांदा माझ्या स्वयंपाकघरात आले, तेव्हा त्यांनी उजव्या पायातली चप्पल काढली आणि माझ्या वजनकाट्यावर ठेवली. ज्या काट्यावर मी लाडवांचा रवा मोजते, त्या काट्यावर. मी किंचाळले. उत्तमराव शांतपणे वाकले, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचला आणि म्हणाले, "तीनशे दहा. काटा इमानदार हाय, बाई."

चप्पल त्यांनी वाळूजला, कंपनीच्या स्टोअरमधल्या काट्यावर तोलून ठेवली होती. माझा काटा खरा की खोटा हे ठरवायला घरातली माहीत असलेल्या वजनाची एकच वस्तू त्यांना सुचली, ती पायात होती. पुढच्या वेळेपासून मी त्यांना मिठाचा न फोडलेला एक किलोचा पुडा देऊ लागले. तो पुडा अजून फोडलेला नाही. घरात मीठ संपलं तर आम्ही दुसरं आणतो, हा 'खरातांचा पुडा' म्हणून वेगळा ठेवलेला आहे.

उत्तमराव आमचे शेजारी. मधे एक भिंत, तीही इतकी पातळ की त्यांच्याकडं कुकरची शिट्टी झाली की मी गॅस बंद करायला उठते. वाळूजच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर त्यांनी एकतीस वर्षं काढली. दिवसभर पत्र्यावर घण पडल्यासारखा आवाज. त्यानं त्यांच्या कानातली बारीक अक्षरं गेली. 'क', 'ग', 'ड' ऐकू येतात, 'स' आणि 'श' येत नाहीत. कानाचं मशीन मिळालंय, ते शर्टाच्या खिशात असतं. "कानात का नाही घालत?" विचारलं तर म्हणतात, "जड लागतं." मी ते काट्यावर ठेवलं. काटा शून्यावरून हललासुद्धा नाही.

मला ते 'बाई' म्हणतात, कारण मी बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. आता मी त्र्याहत्तरची आहे. त्यामुळं कुणी चुकलं की कान पकडायचा हक्क मला आहे असं मी समजते, आणि उत्तमरावांच्या बाबतीत तो हक्क बजावून बजावून माझा हात दुखायला लागला होता.

कारण गेल्या होळीपासून हा माणूस फक्त वजन बोलत होता.

"उत्तमराव, भाजीवाला नवीन आलाय, कोथिंबीर छान देतो."

"ते ठीक हाय. वजन बोला."

"उत्तमराव, माझ्या धाकट्या जावेला अखेर पेन्शन सुरू झाली."

"व्हय का? वजन..." एवढं म्हणून थांबायचे. सवयीनं तोंडातून निघायचं.

एकदाच हा प्रश्न बरोबर जागी पडला. माझ्या भाचीला मुलगी झाली, मी पेढे घेऊन गेले. "वजन बोला," उत्तमराव म्हणाले. मी म्हटलं, तीन किलो चारशे. पेढा त्यांनी तळहातावर तोलून धरला. मग म्हणाले, "मापात हाय. उचलता येतंय." तान्हं मूल उचलता येणार नाही तर काय क्रेन लावायची, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. बोलले नाही याचं आता बरं वाटतं.

हे सगळं चाललं होतं एका पेटीसाठी.

त्यांची बायको सुमन ही आमच्या भागातली वाचणारी. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि अश्विन पौर्णिमेला संपतो. या तीन महिन्यांत विहारात रोज दुपारी बायका जमतात आणि एक जण ग्रंथ वाचते. सुमन आमच्या कॉलनीच्या विहारात तर वाचतेच, शिवाय रविवारी वाळूजच्या रस्त्यावरच्या वस्त्यांवरही जाते. तिथले विहार म्हणजे वर पत्रा, खाली सतरंजी, आणि वीज असली तर असली. वीस वर्षं ती माइकशिवाय वाचत होती. मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीलाही कळायचं.

गेल्या दिवाळीनंतर ती बहिणीकडं नांदेडला गेली ती चार महिने तिकडंच. परत आली तेव्हा वाळली होती, आवाज सुपारीएवढा झाला होता आणि डोक्यावरचा पदर खाली येत नव्हता. मी अंदाज बांधला की नांदेडची बहीण जुन्या वळणाची असणार, तिनं वळण लावलं. माझ्या अंदाजांची ख्याती कॉलनीत मोठी आहे. कुणाचं लग्न मोडणार, कुणाचा गॅस संपणार, सगळं मला आधी कळतं.

"यंदा दुसरी कुणी वाचू दे," सुमन म्हणाली. "माझा आवाज शेवटच्या बाईपर्यंत जात नाय."

"जाईल," उत्तमराव म्हणाले. "पेटी करतो."

हलकी पेटी, आत बॅटरी, समोर स्पीकर, हातात धरायला माइक. सगळं मिळून साडेतीन किलो, एक ग्रामही वर नाही. आणि आषाढ पौर्णिमेच्या आत. पेटी झाली तर सुमन वाचणार, नाही झाली तर वीस वर्षांत पहिल्यांदा ती सतरंजीवर खाली बसणार. एवढी सरळ गोष्ट होती. ती वाकडी करायला उत्तमराव समर्थ होते.

"विकत आणा की," मी म्हटलं. "दुकानात ढिगानं पडल्यात."

"त्या चाकावाल्या? त्यात नुसतं पोट हाय, बाई. धाड धाड करतंय. मला आवाज नको, मला अक्षर पायजे."

"बरं, पाच किलोंची करा आणि तुम्ही उचला. पत्र्याची बंडलं उचललीत आयुष्यभर."

"ती म्हणती, मी स्वतः उचलीन तरच वाचीन. तुम्ही मागं मागं पेटी घेऊन यायचं नाय."

हट्ट! नवराबायको दोघांचं एका वजनाचं. मी कपाळावर हात मारून घेतला.

मग आमच्या औरंगपुऱ्याच्या वाऱ्या सुरू झाल्या. आमच्या, कारण काटा माझा, आणि काट्याबरोबर मी जाणार. माझी वस्तू मी एकटी सोडत नाही. रिक्षात काटा मांडीवर, त्यावर माझा पदर. एका अरुंद गल्लीत जमीलभाईंचं दुकान. सुटे स्पीकर, तारा, माइक, आणि मधे स्टुलावर जमीलभाई.

पहिल्या दिवशी त्यांनी आदबीनं चहा मागवला. उत्तमरावांनी स्पीकर उचलला, मधल्या कागदी शंकूवर बोटानं हलकं टिकटिक केलं, डोळे मिटले, मान हलवली आणि तो काट्यावर ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. दहाव्या स्पीकरला जमीलभाईंचा चहा गार झाला होता.

"काका," ते म्हणाले, "ये स्पीकर हैं, कांदे नहीं हैं."

"कांद्याचा भाव ठरलेला असतोय," उत्तमराव म्हणाले. "हा एका वॅटला किती बोलतो, ते सांगा."

"कितना वॅट का चाहिए वो बोलो ना. सौ का देऊं? दो सौ का?"

"किती खातो ते नाय विचारलं. एका वॅटला किती बोलतो?"

हे मला रिक्षात समजावून सांगण्यात आलं. बॅटरी हलकी हवी, म्हणजे ती लहान, म्हणजे तिच्यात दम थोडा. तेव्हा स्पीकर असा हवा, जो थोडक्या विजेत मोठ्यानं आणि स्वच्छ बोलेल. शिवाय स्पीकरचं खरं वजन त्याच्या पाठीवरच्या लोहचुंबकात. साधं चुंबक जाडजूड असतं. नव्या प्रकारचं असतं ते बारकं, पण त्याची ताकद तेवढीच.

"थोडक्यात," उत्तमराव म्हणाले, "कमी खाणार, जास्त राबणार, आणि घरात वजन पाडणार नाय."

"मग स्पीकर कशाला शोधताय? आमच्या काळातली सून शोधा," मी म्हटलं.

रिक्षावाला हसला. उत्तमराव हसले नाहीत. 'सून' त्यांना ऐकूच आलं नसावं, पहिलंच अक्षर गेलेलं.

दर आठवड्याला दोन स्पीकर घरी यायचे, दोन परत जायचे. जमीलभाई आम्हाला पाहिलं की गल्ल्यामागून सलाम करायचे आणि मागच्या दारानं नमाजाला निघून जायचे, नमाजाची वेळ असो वा नसो. घरी आलेल्या स्पीकरची परीक्षा व्हायची. तो आडवा ठेवून त्यावर माझा साबुदाणा पसरायचा, आणि उत्तमराव माइकात "हॅलो, हॅलो" म्हणायचे. साबुदाणा कुठं उड्या मारतो, कुठं थिजून बसतो, हे ते भिंगातून बघायचे. एका चतुर्थीला माझ्या खिचडीतला साबुदाणा सकाळी नाचून आलेला होता, हे माझ्या उपासाच्या मंडळींना अजून ठाऊक नाही.

खरी परीक्षा मात्र मैदानात. कॉलनीच्या मोकळ्या जागेत एका टोकाला उत्तमराव, पेटी आणि माइक. साठ पावलांवर कडुलिंबाखाली घडीच्या खुर्चीत मी, वही आणि पेन. ते जुन्या मशीनच्या सुट्या भागांची यादी वाचायचे: "स्प्रिंग. शाफ्ट. सॉकेट. चेसिस." मी ऐकू येईल ते लिहायचं. मग ते साठ पावलं चालत यायचे, खिशातून लाल पेन काढायचे आणि माझी वही तपासायचे.

"बारा," ते म्हणायचे. "वीसपैकी बारा. काठावर पास, बाई."

बत्तीस वर्षं मी पोरांच्या वह्या लाल केल्या. त्या सगळ्यांच्या वतीनं उत्तमराव उभे आहेत असं मला वाटायचं.

"तुमच्या स्पीकरचे मार्क आहेत हे, माझे नाहीत!"

"व्हय, व्हय. पण लिव्हलंय तुम्ही."

आता खरं सांगायचं तर आवाजाच्या बाबतीत मी कुणाला काही सांगावं अशी माझी लायकी नाही. तरुणपणी माझा एकच सिद्धांत होता: मोठं ते चांगलं. मी वर्गात अशी शिकवायची की शेजारच्या दोन वर्गांतली मुलंही माझीच कविता पाठ करायची आणि त्या वर्गांचे मास्तर निवांत पेपर वाचायचे. पहिल्या बचतीतून गुलमंडीवर टेपरेकॉर्डर घेतला, तो लाल दिवे नाचतात म्हणून. नवरा म्हणत होता, "अगं, आधी आवाज तरी ऐक." मी म्हटलं, "तुम्ही दिवे बघा." तो टेपरेकॉर्डर गाणं खायचा आणि कॅसेटची फीत ओकायचा, पण दिवे शेवटपर्यंत नाचले.

आणि कन्नडजवळच्या त्या खेड्यातलं झेंडावंदन. नोकरीचं पहिलं वर्ष, बावीसचं वय, नवी कोरी साडी. हेडमास्तरांच्या मागे लागून मी शहरातून दोन भोंगे मागवले. माइक अक्षरशः दातांना लावून भाषण ठोकलं. झाडावरचे कावळे गेले ते दुपारपर्यंत आले नाहीत. भाषण झाल्यावर शेवटच्या ओळीतली एक म्हातारी माझ्यापर्यंत आली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "लई जोरात बोललीस गं माय! काय बोललीस ते नाय कळलं. पण लई जोरात!"

मी त्याच दिवशी वडिलांना पत्र लिहिलं की गावातल्या वृद्धांनीही माझ्या भाषणाची वाखाणणी केली. ही वाखाणणी नव्हती हे कळायला मला पन्नास वर्षं आणि उत्तमराव लागले.

ज्येष्ठ संपत आला तेव्हा दोनच स्पीकर उरले होते. एक हलका, बारक्या चुंबकाचा. पेटीत बसवला की सगळं मिळून तीन किलो तीनशे, पण मैदानात माझे मार्क तेरा. दुसरा साधा, जाड चुंबकाचा, दिसायला तव्यासारखा. त्यावर मला एकोणीस पडले. शेवटच्या बाकावरच्या पोरालाही कळेल असा 'श', असा 'स'. पण पेटीचं वजन तीन किलो नऊशे दहा.

चारशे दहा ग्राम! एवढ्या वजनाची मी रोज भेंडी आणते.

उत्तमराव दोन्ही स्पीकर पुढ्यात घेऊन बसून राहायचे. प्लायवूड पातळ केलं. लोखंडी स्क्रू काढून ॲल्युमिनियमचे लावले. मूठ काढून गोणीचा पट्टा लावला. हे सगळं करूनही घटलं ते वीस ग्रामच. जमीलभाईंनी सांगितलं की एक स्पीकर असा आहे ज्यात दोन्ही गुण आहेत, पण तो मागवायला दीड महिना लागेल. पौर्णिमा आठ दिवसांवर.

"घ्या ना तो जाडवाला," मी म्हटलं.

"बसत नाय, बाई."

"कशात बसत नाही?"

"मापात."

"पण कुणाचं माप? कुणी सांगितलं साडेतीन? वरून आकाशवाणी झाली?"

त्यांनी मिठाचा पुडा काट्यावर ठेवला, एक किलो बघितलं, उचलला. ही त्यांची सवय. सांगायचं नसलं की काट्याची परीक्षा.

पौर्णिमेच्या चार दिवस आधी सकाळी ते पेटी घेऊन आले. आत जाड चुंबकाचाच स्पीकर होता. शेवटचा उपाय म्हणून त्यांनी मागची फळी चाळणीसारखी भोकं पाडून हलकी केली होती. चेहरा परीक्षेच्या निकालाला आलेल्या मुलासारखा. पेटी काट्यावर ठेवली आणि चष्मा पुसायला लागले. ओट्याच्या पलीकडून मला आकडा दिसला. तीन किलो आठशे ऐंशी.

आणि माझ्या अंगात काय शिरलं कोण जाणे. तीन महिन्यांचा साबुदाणा, लाल पेन, रिक्षातले धक्के, सगळं एकदम शिरलं असावं. मी पेटीच्या मागच्या कडेखाली दोन बोटं घातली आणि अलगद उचलून धरली. मंडईत ज्याला दांडी मारणं म्हणतात ते. दांडी मारणाऱ्या भाजीवाल्यांशी मी जन्मभर भांडत आले आहे.

उत्तमराव वाकले. "तीन... चारशे ऐंशी?"

"बघू," मी म्हटलं, आणि चेहरा इतका भोळा केला की मला स्वतःलाच माझी दया आली.

ते प्रत्येक गोष्ट तीनदा तोलतात. मी तीनदा दांडी मारली. तिसऱ्या वेळी बोटं जरा जास्त वर गेली आणि चारशे सत्तरच भरलं.

"दहा ग्राम अजून घटलं!" ते म्हणाले. मग मिठाचा पुडा ठेवून बघितला. बरोबर एक किलो. "काटा इमानदार हाय, बाई."

काटा होता. बाई नव्हती.

ते पेटी छातीशी धरून गेले, आणि मी काट्याचा सेल काढून कपाटात टाकला. आता कुणी आलं तर सेल संपलाय. मला स्वतःचा फार अभिमान वाटला. तीन महिन्यांचा घोळ दोन बोटांत मिटवला! बावीसची बाई आणि त्र्याहत्तरची बाई यांच्यात फरक एवढाच, की तेव्हा मी शेखी मिरवायला पत्र लिहिलं आणि आता जावेला फोन केला.

पौर्णिमेला दुपारी आमच्या विहारात सुमननं वाचलं. मी मागच्या भिंतीपाशी बसले. सुपारीएवढा आवाज, पण एकेक अक्षर निवडलेल्या तांदळासारखं माझ्यापर्यंत आलं. बायका माना हलवत होत्या. मी मनातल्या मनात त्या माना माझ्या खात्यावर घेतल्या.

विहार ते घर तीनशे पावलं. बायका पांगल्या. सुमन पेटी घेऊन निघाली, मी मागून. दहा पावलं चालली आणि पेटी खाली ठेवली. उभी राहिली, श्वास घेतला. पुन्हा उचलली, डाव्याच हातानं. उजवा हात पदराखाली. आठ पावलं, पुन्हा खाली. मी जवळ गेले.

"दे इकडं."

"नको बाई. साडेतीन किलोच हाय." ती हसली. कपाळावर घाम. "तेवढं चालतंय मला."

"तेवढं म्हणजे? उजवा हात का नाही लावत?"

रस्त्यात कुणी नव्हतं. सुमननं पेटी कट्ट्यावर ठेवली आणि शेजारी बसली. पदर सरकला, तशी डोक्यावर नुकतेच उगवलेले, लहान मुलाच्या जावळासारखे केस दिसले.

"मी नांदेडला नव्हते, बाई. इथंच होते, दवाखान्यात. छातीत गाठ होती, ती काढली. उजव्या हातानं वजन न्यायचंच नाय आता, सुजतो. डाव्यानंबी थोडंच. कुणाला सांगू नका म्हटलं मी ह्यांना. बायका ऐकायच्या सोडून माझ्या तोंडाकडं बघत बसतील, बिचारी म्हणून. पेटीबी कुणी उचलली की विचारतील, का. म्हणून म्हटलं, मीच उचलीन."

"आणि साडेतीन?"

"सुटी देताना डॉक्टरीण म्हणाली, जड उचलायचं नाय. तान्ह्या बाळाएवढं चालंल, त्याच्या वर नको. तर हे म्हणाले..." सुमनला हसू आलं. "हे म्हणाले, 'ते ठीक हाय मॅडम. वजन बोला.'"

माझ्या अंदाजांची ख्याती कॉलनीत मोठी आहे, हे मी वर लिहिलंय. ते वाक्य खोडायचं राहू दिलंय, माझी खोड मोडावी म्हणून. हे सगळं सुमनला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, लिहा, पण वजन नीट लिहा.

पेटी मी घरी पोचवली. सुमन नको नको म्हणत होती, मी म्हटलं, मला हौस आली. सकाळी उजाडल्या उजाडल्या काट्यात सेल घातला, मिठाचा पुडा बगलेत मारला आणि खरातांचं दार वाजवलं. सुमन नळावर होती. उत्तमराव पेटी फडक्यानं पुसत होते.

"उत्तमराव, पेटी तोला."

"तोलली की. तीनदा."

"माझी बोटं होती खाली. मी दांडी मारली."

त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मी जवळ जाऊन पुन्हा सांगितलं. मोठ्यानं बोलण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला एवढं एक वाक्य मोठ्यानं बोलवेना.

त्यांनी पुडा ठेवला. एक किलो. पुडा काढून पेटी ठेवली. तीन किलो आठशे ऐंशी. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "काल ती हे घेऊन चालली?"

"अठरा पावलं. पुढं मी घेतली."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलला. हलका स्पीकर शोधायला लागले. तेरा मार्कांचा.

"थांबा," मी म्हटलं. "कालची अक्षरं पुन्हा घालवू नका. यात सगळ्यात जड काय आहे? स्पीकर सोडून?"

"बॅटरी."

"ती बाहेर काढा. पिशवीत घाला, तार लांब ठेवा. पिशवी मी घेईन."

"तुम्ही? ह्या वयात? कुठं कुठं हिंडणार?"

"ते ठीक हाय, उत्तमराव," मी म्हटलं. "वजन बोला."

त्यांच्या तोंडाचा एक कोपरा हलला. बॅटरी काढून त्यांनी काट्यावर ठेवली. आठशे वीस ग्राम. पेटी ठेवली. तीन किलो साठ. आधी माझ्या दोन्ही हातांकडं बघितलं, मग आकडा वाचला. मी दोन्ही हात वर करून उभी होते, पोलिसांपुढं चोर उभा राहतो तशी.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही दोघी निघतो. पुढं सुमन, डाव्या हातात पेटी. मागं मी, खांद्यावर पिशवी. मधे दीड मीटरची तार. मी रेंगाळले की तिला हिसका बसतो, ती भरभर चालली की मला. परवा एका वस्तीवर कुत्रं अंगावर आलं, तर ती डावीकडं पळाली आणि मी उजवीकडं, आणि कुत्रंच बिचारं तारेत अडकलं. बायका विचारतात, बाई, हे काय नवीन? मी सांगते, म्हातारपणी नाद लागलाय. माझ्याकडं बघून हसतात आणि सुमनचं ऐकतात. कॉलनीत पूर्वी एक वेडा होता, आता दोन आहेत.

गेल्या रविवारी वाळूजच्या रस्त्यावरच्या पत्र्याच्या विहारात गेलो. लाइट नव्हती. सुमन वाचायला बसली, तिच्याशेजारी मांडीवर बॅटरी घेऊन मी. जन्मभर माइकासमोर बसलेली बाई आता पाऊण तास तोंड मिटून बसते. माझ्या नवऱ्यानं हे पाहायला हवं होतं.

वाचता वाचता माझं लक्ष बाहेर गेलं. शेवटच्या ओळीच्या बाजूच्या दारापलीकडं, बाभळीखाली स्कूटर लावून उत्तमराव उभे होते. येऊ नका सांगितलेलं असताना. त्यांना तिथून काही ऐकू येत नव्हतं, तो 'स' नाही आणि तो 'श' नाही. ते सुमनकडं बघतही नव्हते. शेवटच्या ओळीत भिंतीला टेकून बसलेल्या म्हाताऱ्यांची तोंडं ते एकेक करून निरखत होते, भिंगातून साबुदाणा बघायचे तशी. एक म्हातारी वाक्यागणिक हळूच मान हलवत होती. तिच्याकडं ते बराच वेळ बघत राहिले.

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि भुवया उडवल्या. किती?

मी बॅटरी मांडीत सांभाळली आणि दोन्ही हात दोनदा पूर्ण उघडून दाखवले. वीसपैकी वीस. या वेळी दांडी मारली नव्हती.